दोन करवंट्या

आमच्या दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटल्या संपायच्या, पण किस्से काही संपायचे नाहीत. दुपारी पेशंट ओसरले, की सुपारीच्या बागेतून गार वारा यायचा, लांब समुद्र घोरत असायचा आणि मी टेबलाशी बसल्याबसल्या डुलक्या घ्यायचे. आज आठवायला बसलं की वाटतं, त्यातलं अर्धं मी झोपेतच पाहिलं की काय! पण नाही, सगळं घडलेलं आहे.

ही एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. मी गुहागरला बायकांच्या दवाखान्यात नर्स होते. आमच्या डॉक्टरीणबाई मुंबईला शिकून आलेल्या. कंबर, गुडघे, डोकं वर्षानुवर्षं दुखणाऱ्या बायका यायच्या. "कसं आहे?" विचारलं की एकच उत्तर, "चाललंय!"

बाई वैतागल्या. "अगं, दुखणं मला कळतं. पण त्या दुखण्यात ही बाई दिवसभर असते कशी, ते कुणी सांगतच नाही!"

मग त्यांनी प्रत्येकीला दोन करवंट्या आणि ओंजळभर चिंचोके दिले. मनाला बरं वाटलं की डाव्या करवंटीत एक, वाईट वाटलं की उजव्या करवंटीत एक. दर शनिवारी आणून दाखवायचं. बाई वहीत लिहून घेणार.

*

पहिल्या शनिवारी गंगू आली. भातलावणीत वाकून वाकून कंबर कायमची धरलेली. दोन्ही करवंट्या रिकाम्या!

"चिंचोके कुठे गेले गं?"

"भाजून खाल्ले."

मी कपाळावर हात मारला. बाई मात्र शांत. "बरं, खाताना कसं वाटलं?"

गंगू लाजली. "लय बरं वाटलं! पोरं निजलेली. येकटीच चुलीपाशी बसून खाल्ले. असं येकटीनं कदी खाल्लंच नव्हतं."

बाईंनी वहीत लिहिलं : 'डावी करवंटी. पूर्ण भरलेली.'

*

एका सुनेचं डोकं चार वर्षं दुखत होतं. तिच्या करवंट्या घेऊन सासूच आली. डावी शिगोशीग, उजवीत एकही नाही!

"आमच्या घरात हिला कसलं आलंय दुःख? मीच भरली, तिला कुठे वेळ आहे!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमचे गुडघेही दुखतात ना? मग तुम्हीही दोन घेऊन जा."

पुढच्या शनिवारी म्हातारी एकटीच आली. पदराखालून उजवी करवंटी काढली, ती उतू जात होती. टेबलावर ठेवली आणि पदर सारखा केला. म्हणाली, "सुनेला सांगू नका हो."

त्यानंतर दर शनिवारी सून स्वतःच्या करवंट्या स्वतः आणू लागली. आणि म्हातारीचा हात धरून!

*

हनिफाबी खाडीपलीकडची. नवरा गलबतावर, आठ-आठ महिने दर्यात. जाळी विणून तिचे खांदे इतके दुखायचे, की हात वर होत नसे. तिच्या दोन्ही करवंट्यांत अर्धा-अर्धा चिंचोका निघाला. अडकित्त्यानं फोडलेला!

"हे काय गं?"

"त्यांचं शीड दिसलं, बाय. सकाळच्या धुक्यातनं हळूहळू वर आलं. मी बघतच रायले. खांद्याची आठवणपण नव्हती."

"मग अख्खा डावीत टाकायचा!"

"टाकणारच होते. तेवढ्यात आठवलं, चार दिसांनी परत जायाचे!"

त्या दिवशी बाई खूप वेळ वही चाळत बसल्या. "मला वाटलं होतं, एक वाढलं की दुसरं कमी होईल. पण यांच्या दोन्ही करवंट्या एकाच दिवशी भरतात गं!"

*

मग जिल्ह्याहून दवाखान्याच्या तपासणीला मोठे डॉक्टरसाहेब आले. दुखरी दाढ दाबतच टेबलावर करवंट्यांची रांग बघून खो-खो हसले. "दुखलं की वाईट, थांबलं की बरं! त्यात मोजायचं काय? हा पोरखेळ उद्यापासून बंद!"

बाईंचा चेहरा उतरला. बाकावर आमची गंगू बसली होती. ती म्हणाली, "सायेब, येक विचारू? तुमच्या पोरीच्या लग्नात ही दाढ दुखली हुती का?"

साहेब हसायचे थांबले. हळूच गालाला हात लावून म्हणाले, "दुखली होती. अक्षता पडतानासुद्धा."

"मग तवा बरं वाटत हुतं का वायट?"

साहेबांनी टोपी घातली. दारातून वळून बाईंना म्हणाले, "चालू द्या!"

*

वेळणेश्वरच्या सावित्रीकाकू बारा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. पाठीचा कणा गेलेला. आम्ही बैलगाडीनं त्यांना बघायला जायचो. समुद्र घरामागेच, आवाज सतत कानावर. पण बारा वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. एकदा त्या म्हणाल्या, "मला नेऊन दाखवा."

बाई घाबरल्या. "काकू, हादरे बसतील. फार दुखेल."

"इथं काय कमी दुखतं?"

पुतण्यांनी डोली बांधली. माडांमधून उतरताना प्रत्येक हादऱ्याला काकू ओठ चावत होत्या. बाईंनी दोनदा डोली थांबवायला लावली. दोन्ही वेळा काकूंनी हातानंच 'चला' म्हटलं.

वाळूवर डोली टेकली तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी सोनेरी, आणि इतकं संथ की लाट फुटल्याचंही कळू नये. काकू बघत राहिल्या.

शेवटी बाईंनी वाकून विचारलं, "काकू, फार दुखतंय का हो?"

काकूंनी पाण्यावरची नजर हटवली नाही. म्हणाल्या, "दुखणं आहे तिथंच आहे गो. मीच जरा लांब आल्ये!"