ओट्यावरचा ऑफिस फोन

मला घरी बसवायला आमच्या घरच्यांनी इंटरनेटवरचे फोन आणले, असं मी कुठे म्हटलं की नवरा चिडतो. फोन धंद्यासाठी आणले होते, तुझं काय मधेच, असं त्याचं म्हणणं. चिडू दे. धंद्यासाठीच आणले होते हे मलाही माहीत आहे. पण त्या फोनांच्या आडून मला ऑफिसातून उठवलं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी चारचौघांत सांगणार.

आमचा धंदा पाण्याच्या पंपांचा. सासऱ्यांच्या घरची वाडी होती, केळी आणि पानवेलींची, आणि वाडीला पाणी देणारं बावखल होतं. त्या तळ्यावरची मोटर बिघडली की ते स्वतःच खोलून बसायचे. मग शेजाऱ्यांच्या मोटरी दुरुस्त करू लागले. वाड्या जाऊन इमारती आल्या तसे सोसायट्यांचे पंप आले. आता वसईला ऑफिस आहे, चंदनसारला दुरुस्तीचं वर्कशॉप आणि कामणला गोदाम.

या ऑफिसात मला कुणी बोलावलं नव्हतं. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, डबा द्यायला गेले होते. फोन वाजत होता आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मी उचलला. दुसऱ्या दिवशीही मीच उचलला. असं करत करत दाराजवळचं लोखंडी टेबल माझं झालं. मोटर नुसती गुंगुं करते आणि फिरत नाही म्हणजे कंडेन्सर गेला असेल, फिरते पण पाणी चढत नाही म्हणजे फुटव्हॉल्व्ह बघायचा, हे मी त्या टेबलाशी उभं राहून चहा पिणाऱ्या मेकॅनिकांकडून शिकले. सोसायटीचा सेक्रेटरी टाकी रिकामी म्हणून ओरडत असेल तर त्याला आधी पोटभर ओरडू द्यायचं, हे मात्र माझं मी शिकले. सगळ्यांना मी आवाजावरून ओळखायची आणि सगळ्यांची मी वहिनी होते.

रस्ता खणला की आमचा जुना फोन मेलाच. तो दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकं चंदनसारच्या मेकॅनिकला गाठायची, चंदनसारवाला कामणला सामान विचारायचा, कामणवाला मोबाइलवरून परत मला, आणि तोवर त्या सोसायटीत टँकर येऊन गेलेला असायचा. म्हणून नवऱ्याने इंटरनेटवरून चालणारे फोन घ्यायचं ठरवलं. कंपनीचा माणूस खोकी घेऊन आला. वसई, चंदनसार आणि कामण एकाच घरातल्या तीन खोल्यांसारखे जोडले जातील, म्हणाला. तसंच झालं. नवीन पंपासाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा, असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. जे काहीच दाबत नाहीत ते सगळे माझ्याकडे, एकशे चार नंबरवर.

पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्यातले काका कधीच काही दाबायचे नाहीत.

"वयनी, मधी ही बाई कोन बसवलीस? एक दाबा, दोन दाबा... इकडं पानी नाय चढत, नि मी काय दाबत बसू?"

"काहीच दाबू नका काका, गप्प उभे राहा. मी येते लाईनवर."

मला ते फोन मनापासून आवडले, खोटं कशाला बोलू. माणसाला लाईनवर ठेवून एका बटणात चंदनसारला जोडून द्यायचं, यात मजा होती. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

ऑफिस नव्याने करायचं निघालं. पुढे काच, आत केबिन, दाराशी पंप मांडायला शोकेस. रात्री जेवताना नवरा सहज म्हणाला, "तुझा फोन आपण घरी लावू. आता काय, इंटरनेट असलं की झालं. तुझी रोजची धावपळ वाचेल."

"आणि माझं टेबल?"

"तिथे शोकेस येतेय ना."

सासरे घरात घरच्या बोलीत बोलतात. ऑफिसची पायरी चढले की पुस्तकी मराठीत शिरतात. त्या दिवशी घरात बसून पुस्तकी बोलले. "घरबसल्या ऑफिस! लोक यासाठी तडफडतात, सूनबाई."

मला रडू आलं नाही. राग आला, इतका की हातातली आमटीची वाटी मी ठेवली ती सांडलीच. दोघांपैकी कुणीही वाईट माणूस नाही, आणि हीच खरी अडचण. वाईट असते तर तिथल्या तिथे भांडता आलं असतं. माझ्यावर उपकार करतोय अशा समजुतीत दोघे शांतपणे भात कालवत होते.

फोन घरी आला. इंटरनेटचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला होता, म्हणून फोन ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी बसला. टेबल कामणच्या गोदामात गेलं.

मग सुरू झाली माझी घरबसली नोकरी. कुकरची शिट्टी झाली की पलीकडचा सेक्रेटरी विचारायचा, "आज काय बेत?" आधी हसले. मग एका ठेकेदाराने नवीन इमारतीच्या पंपांची चौकशी करायला फोन केला. मी त्याला इमारतीची उंची, टाकीची जागा विचारत होते, तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडला. ठेकेदार थांबला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही घरून बोलताय का? मग राहू द्या. ऑफिसमधल्या कुणाला तरी द्या ना."

मी दिला. एका बटणात जोडून दिला नवऱ्याला. तो जे म्हणाला तेच मी आधी म्हणाले होते, पण ते ऑफिसातून ऐकू आलं.

इमारतीतल्या बायकांना मी घरीच असते असं कळलं, आणि गॅसवाल्याकडून सिलिंडर घेण्यापासून कुणाचं पार्सल ठेवून घेण्यापर्यंत सगळं माझ्यावर आलं. ऑफिसात कोणता पंप परत आला, कोणता मेकॅनिक कुणावर रुसला, काही कळेना. पूर्वी हे सगळं न विचारता कानावर पडायचं. आता मी फोनवर "बघून सांगते" म्हणू लागले. इतक्या वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडी कधी नव्हतं.

शिवाय दुपारी बापलेक घरी जेवायला येऊ लागले. सासूबाई गेल्यापासून दोघेही डब्यातलं गार खात होते. आता तव्यावरची गरम पोळी. सकाळी ऑफिसात पोचल्यावर सासऱ्यांचं पहिलं काम म्हणजे एकशे चार फिरवून विचारायचं, "आज भाजी काय?" माझा ऑफिसचा नंबर, आणि त्यावर घरची भाजी!

नवऱ्याला सांगून बघितलं. मला ऑफिसात यायचंय, म्हटलं. तो म्हणाला, "का? आवाज तुटतो का?"

"आवाज नीट येतो. मला तिथे बसायचंय."

"अगं, पण काम तर होतंय ना!"

काम होत होतं. तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. माझं नव्हतं. ज्या ठिकाणी मी माझ्या पायांवर उभी राहिले, ज्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्याकडे बघितलं, ते दार मला परत हवं होतं. यात चूक काय हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

थोड्या दिवसांनी खरंच आवाज तुटू लागला. कंपनीचा माणूस घरी आला, एक वायर बदलून दिली. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, हा फोन काढून दुसरीकडे लावला तर नंबर बदलून घ्यावा लागेल का?

"छे हो मॅडम. नंबर फोनबरोबर जातो. जिथे आपलं इंटरनेट, तिथे लावा. ऑफिसात लावा, गोदामात लावा, तुम्ही एकशे चारच." बिचारा आपल्या मालाची तारीफ करत होता. अजून एक कप घ्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघे बाहेर पडल्यावर मी फोन काढला. रिसिव्हरला हळदीचा हात लागला होता, तो पुसला. वायरी गुंडाळल्या, सगळं पंच्यात बांधून पिशवीत घातलं आणि रिक्षा केली. ओट्यावर काही शिजवलं नाही. मुद्दाम नाही शिजवलं.

ऑफिसात सासरे केबिनमध्ये पेपर वाचत होते, नवरा त्यांच्या शेजारी. दोघांची पाठ काचेकडे. मी शोकेसच्या बाजूचा न फोडलेला पंपाचा खोका दाराशी ओढला. खोका माझ्या गुडघ्याइतका, पण भक्कम. त्यावर फोन ठेवला, शोकेसमागच्या पॉइंटमध्ये वायर खुपसली आणि गिऱ्हाइकांची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. फोनच्या पडद्यावर आधी नुसताच उजेड आला. मग आकडे उमटले, एकशे चार. मी लगेच कामणला फोन लावून माझं पहिलं काम उरकलं.

रिसिव्हर ठेवते तोच फोन वाजला. आत सासरे रिसिव्हर कानाला लावून छताकडे बघत होते. घंटी आपल्याच दाराशी वाजतेय हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग दोघेही वळले आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघतच फोन उचलला.

"तू... कुठे आहेस?" सासऱ्यांनी समोर दिसत असूनही विचारलं.

"ऑफिसात, बाबा."

"आणि जेवण?"

"ते तुम्ही दोघं ठरवा. मला आज वेळ नाही. कामणहून टेम्पो निघालाय, माझं टेबल घेऊन. दाराची दोन्ही कवाडं उघडून ठेवायला सांगा आणि ती शोकेस तेवढी सरकवून घ्या."