आवाज बदलल्यावरचं पहिलं गाणं

मंडळी, ऑपरेशननंतर आज सकाळी पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहिले.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. मी बेंगळुरूची, मराठीत रॅप करते. फास्ट रॅप हीच माझी ओळख. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला, आणि परत आला तो जाड होऊन.

जयनगरमध्ये माझ्या मैत्रिणीचा, दीपाचा छोटा स्टुडिओ आहे. माझ्या गाण्यांचं संगीत तीच करते. आज नवीन गाणं रेकॉर्ड करायचं होतं. दुसऱ्याच ओळीत दम लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी आवाज फाटला आणि मी हेडफोन काढून ठेवले.

दीपा हळूच म्हणाली, "अक्का, ऑपरेशनच्या आधी आपण हे गाणं कच्चं रेकॉर्ड केलं होतं. तेच वापरू या का? कुणाला कळणार नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण मग कार्यक्रमात काय करणार? नुसते ओठ हलवणार?

म्हटलं, "बीट स्वल्प हळू कर. बघू या."

मग घरी आईशी बोलते तशा ओळी बोलत गेले. दम लागला तिथे थांबले. दीपाने ते थांबणंही तसंच राहू दिलं.

नंतर आम्ही दोघींनी ते ऐकलं. गाणारी बाई मला अनोळखी वाटली, पण तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावंसं वाटलं.

"सरी, ठीक आहे," दीपा म्हणाली, "हेच ठेवू."

पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. जुनी गाणी आता त्या वेगाने होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. हळू म्हटलेली ऐकायला याल ना?