सांधेदुखीच्या ग्रुपमधलं भांडण

कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर ती एकटीच बाई, तरी सगळे तिला ‘मास्तर’ म्हणायचे. थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि कात्री सरळ न्यायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग बोटांत संधिवात शिरला. सकाळी मूठच वळेना. फोनवरच्या सांधेदुखीवाल्यांच्या ग्रुपमध्ये ती गेली ती चार गोष्टी ऐकायला. पण ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी अंग काढून घेतलं आणि कारभार हिच्याच गळ्यात पडला.

एकदा ग्रुपमधल्या एका निवृत्त काकांनी लिहिलं, "झाडपाल्याच्या अर्काने मी पुन्हा जिने चढायला लागलो!"

एक नर्सबाई तुटूनच पडल्या. "लोकांना मारायचा विचार आहे का?"

"तुमचं दुकान बसेल म्हणून तुमच्या पोटात दुखतंय."

"पोटदुखीचा ग्रुप वेगळा आहे," मध्येच कोणीतरी खोडी काढली.

दुपारपर्यंत एकमेकांची उणीदुणी निघाली. मास्तरच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. लक्ष उडालं, कात्री खडूची रेघ सोडून गेली आणि बाह्यांचा अख्खा थर आखूड झाला. तिने चिडून ग्रुपवरचं सगळं पुसून टाकलं आणि बजावलं, "इथे औषधांवर वाद नको."

ग्रुप गप्प झाला. नुसती फुलं आणि शुभेच्छा. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. फोन उघडायची, काही नसायचं, ठेवायची, परत उघडायची.

दोन-तीन महिन्यांनी नणंद घरी आली. तीही याच दुखण्यातली, याच ग्रुपातली. तिला कप धरता येईना.

"वन्सं, मनगटं केवढी सुजलीत!"

"गोळ्या सोडल्यात. काकांचा तो अर्क घेतेय."

"अहो, विचारायचं तरी!"

"कुठे विचारू? तूच तर तोंडाला कुलूप लावलंस, वहिनी. मग दुसऱ्या ग्रुपात गेले. तिथे सगळ्यांनाच गुण येतो. ज्याला येत नाही त्याला काढून टाकतात."

 मास्तर नणंदेला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या; अंगठ्याला आलेला बाक मात्र आता जाईलच असं नाही, म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावरच तिने लिहिलं, "बंदी उठवली. औषधाला हवी तेवढी नावं ठेवा, माणसाला नको. काका, अर्क घेताना गोळ्या सोडल्यात का?"

"छे हो! त्या चालूच आहेत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? मला तर सगळे खुनीच ठरवत होते."

बऱ्याच वेळाने नर्सबाईंचं उत्तर आलं, "मी विचारायला हवं होतं." आणि लगेच पुढे, "पण त्या अर्कात आहे काय, ते सांगा!"

नणंदेने ते वाचलं. "म्हणजे मीच खुळी," म्हणत तिने तोंड फिरवलं.

"खुळ्या तुम्ही एकट्याच नाही," मास्तर म्हणाली.  मग तिने नणंदेला घरी पोचवलं.

काका आणि नर्सबाईंची पुन्हा जुंपली होती. कंटाळून दोघंतिघं ग्रुप सोडून गेले. ‘आम्हाला शांतता हवी’ म्हणून तक्रारी आल्या. सगळं पुसून टाकायला मास्तरचे हात शिवशिवत होते. तिने पुसलं नाही. प्रत्येक ओळ वाचत बसली.