हाँगकाँगचे काका पडले तेव्हा

जर्मनीत एश्बॉर्नला आमच्या बिल्डिंगच्या वॉशकेलरमध्ये, म्हणजे तळघरात कपडे धुवायची खोली असते तिथे, ते पहिल्यांदा भेटले. हाँगकाँगचे, पंचाहत्तरीचे, मुलाकडे राहायला आलेले. मुलगा दिवसभर ऑफिसात, नातवंडं फक्त जर्मन बोलणार. मीही नवरा गेल्यापासून एकटीच. दोघांचं जर्मन मोडकंतोडकं, म्हणून छान जमलं.

तरुणपणी ते कॅन्टोनीज गाणी लिहायचे. चाल आधी यायची, कोणीतरी नुसतं 'ला ला' करत गायलेली. त्यांच्या भाषेत सूर वर-खाली झाला की अर्थच बदलतो, त्यामुळे चालीत बसतील असे शब्द शोधताना एकेका ओळीला घाम फुटायचा. पुढे गाण्यांचं काम आटलं, तर गडी विनोदी नट झाला! वेटर, ज्योतिषी, वेंधळा जावई. प्रत्येक सिनेमात धपकन पडायचं.

"एकदाच हॉलभर हसू ऐकायचंय," म्हणाले. "घरात कोणी हसतच नाही हो."

ते मला बरोब्बर कळलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात मी हट्टाने त्यांना दहा मिनिटं मिळवून दिली. सेक्रेटरी कुरकुरले, तर म्हटलं, तुमच्या त्या कराओकेपेक्षा बरंच असेल! मूक प्रवेश होता. वेटर येतो, हातात ट्रे, पाय घसरतो. तालमी माझ्या स्वयंपाकघरात झाल्या आणि दर वेळी मी पोट धरून हसले.

कार्यक्रमात ते पडले. काय पडले! ट्रे, पेले, सगळं उडालं. आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. "अगं बाई! काका, लागलं का?" कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची, एक डॉक्टरीणबाई नाडीच बघायला लागल्या. वयस्कर माणूस पडला की हसायचं नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं की हे नाटक आहे, हे कोणाच्या डोक्यातच येईना.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, ते ट्रे मांडीवर घेऊन बसले होते.

"चांगली माणसं आहेत," म्हणाले. मग, "आल्झो, म्हणजे आता मी नट दिसत नाही. म्हातारा दिसतो."

"छे हो, लोकच बावळट!" मी तावातावाने म्हटलं.

"तालमीत तर तुम्ही हसायचात," ते म्हणाले. "आणि सगळ्यात आधी धावत आलात त्या तुम्हीच."

घरात एकटी असताना आपण पडलो तर काय, ही धास्ती मला रोज असते. ते पडले आणि मी धावले.