आधी नमस्कार, मग नंबर

फाइल उघडण्याआधी काका तिच्यावर उजवा तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. कसे आहात?" मग क्षणभर थांबायचे, समोरून उत्तर यायचं असल्यासारखे. उत्तर मिळायचं की नाही कोण जाणे, पण त्यानंतरच फाइलची दोरी सुटायची.

ग्वाल्हेरात फूलबागेजवळच्या एका खासगी रुग्णालयात, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही समोरासमोर बसायचो. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराचा एक ठरलेला नंबर असतो. तो शोधून कॉम्प्युटरमध्ये भरला की माणूस कागदोपत्री बरा होतो. तुम्ही कधी दवाखान्यात राहिला असाल तर तुमचाही असा नंबर कुठेतरी असेल. तो घालणाऱ्याने तुम्हाला नमस्कार केला असेल, याची मात्र खात्री नाही.

मी नवीन लागले तेव्हा मला हसू आवरायचं नाही. "काका, फाइल काय बोलणार?"

"बोलत नाही म्हणून काय झालं? कुणाच्या घरात शिरताना आवाज देतो ना आपण? मतलब, इतनी तो तमीज पाहिजे बेटा. आधी नमस्कार, मग नंबर."

काका दौलतगंजचे. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. यांच्या वाट्याला लढाई आली ती डॉक्टरांच्या अक्षराशी. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायचे, आणि गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या लावून रोज सकाळी त्यांची माती उकरायचे. कॉम्प्युटरवर एक टपोरं फूल आणि नखांत काळी माती घेऊनच त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं: "शंकेला नंबर नसतो." डॉक्टरने आजारापुढे प्रश्नचिन्ह काढलं की काका तो आजार भरायचेच नाहीत. "ताप आहे ना? मग ताप लिही. शंका डॉक्टरची आहे, त्याच्यापाशी राहू दे. पेशंटच्या गळ्यात कशाला बांधायची?" मला तो शुद्ध हेकेखोरपणा वाटायचा.

थंडीत ग्वाल्हेरात कोहरा, म्हणजे धुकं, पडतो तो दुपारपर्यंत हलत नाही. त्या थंडीत काकांचं डोकं सारखं दुखायचं आणि शब्द इकडचे तिकडे होऊ लागले. स्टेपलर हवा होता तर म्हणाले, "ती कुंडी दे." आम्ही दोघंही खूप हसलो. पुढे एका सकाळी त्यांनी फाइलला नमस्कार केला, दोरी सोडली आणि पहिल्याच पानाकडे नुसते बघत राहिले.

"बेटा, अक्षरं आहेत," ते हळूच म्हणाले, "पण सगळी कोहऱ्यात उभी आहेत."

या खेपेला मी हसले नाही. हाताला धरून त्यांना वर नेलं. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे, एक पांढरं कडं दिसलं. डॉक्टर मॅडमनी फाइलवर लिहिलं: कॅन्सर? टीबी? आणखी काही? सुईने नमुना काढून तपासायला पाठवला. "अंकल की रिपोर्ट आने दो," त्या मला म्हणाल्या. "अभी कुछ नहीं कह सकते."

विमा कंपनीला नंबर आधीच लागतो, म्हणून काकांची फाइल खाली आली आणि माझ्याच टेबलावर पडली. तिकडून फोन: "मॅडम, कैंसर डाल दें?"

"शक का नंबर नहीं होता," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी डोकेदुखी भरली, वाचता न येणं भरलं आणि थांबले. ज्या वाक्याची मी टिंगल करायचे, त्याच्याच आधारावर ते दिवस काढले. नंबर पडला नव्हता तोवर काकांना कॅन्सर नव्हता. मी फार घाबरले होते, आणि धरायला दुसरं काही नव्हतं.

दुपारी डबा घेऊन वर जायचे. काकू उशाशी बसलेल्या, खिडकीला पांढरा कोहरा चिकटलेला, आणि काका ना धड झोपेत ना जागे.

"बैठ बेटा. पण जरा सरकून बस, त्यांना जागा दे."

"कुणाला, काका?"

"हे काय, सगळे आलेत. तो प्लास्टरवाला. ती जुळ्यांची आई. रोज मी विचारायचो ना, कसे आहात? आता ते मला विचारायला आलेत."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "सकाळपासून हेच चाललंय. वर मला म्हणतात, सगळ्यांसाठी चहा टाक."

मी खाटेच्या कडेला सरकून बसले. का, ते विचारू नका. आम्ही तिघंच होतो, तरी त्या खोलीत मला खरोखर दाटी वाटली, आणि कुणाच्या पायावर पाय पडू नये असंही वाटलं.

प्रयोगशाळेत त्या नमुन्यातून एक जंतू फार सावकाश वाढला. नोकार्डिया. मातीत राहणारा, माणसाच्या मेंदूत क्वचितच पोचणारा. दम्याच्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी झालेली, त्यात कुंड्यांमधली माती श्वासातून गेली असावी, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. यावर औषध होतं. महिनोन्‌महिने घ्यायचं, पण होतं. मेंदूतल्या जंतूसाठी पेढे वाटणारी रेकॉर्ड रूम तुम्ही पाहिली नसेल, आम्ही वाटले. "मी पहले से सांगत होते, त्या कुंड्या फेका," असं म्हणत काकू एकाच वेळी रडत होत्या आणि भांडत होत्या. मॅडमनी नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. इतक्या आनंदाने मी दुसरा कुठलाही आजार भरलेला नाही.

काका बरे झाले. अक्षरं मात्र परत आली नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, लेकीकडे इंदूरला कायमचं राहायला जाण्याआधी, ते निरोप घ्यायला खाली आले. सवयीने आपल्या खुर्चीत बसले. समोर एक फाइल होती, शेवटचा रिपोर्ट लावण्यासाठी मीच काढून ठेवलेली. ती त्यांचीच होती. नाव वर ठळक अक्षरांत होतं. मी उचलणार तेवढ्यात त्यांचा तळहात तिच्यावर टेकला.

"नमस्कार," काका म्हणाले. "कसे आहात?"

आणि नेहमीसारखे थांबले.

त्या दिवशी ती फाइल गप्प राहिलेली मला सोसली नसती.

"बरा आहे," मी म्हणाले. "आता बरा आहे."

काकांनी चमकून वर बघितलं. मग लहान मुलासारखे हसले आणि फाइलला थोपटलं. "बढिया. मग घे बेटा, पुढचं तू कर."

काकूंचा हात धरून ते जिना चढून गेले. मी दोरी सोडायला फाइल जवळ ओढली आणि आधी तिच्यावर तळहात ठेवला. पुठ्ठा अजून गरम होता.