अकराव्या दिवसाची आत्या

डॉ. वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या शनिवार पेठेतल्या दवाखान्यात झाली. माझी सून मधुरा हिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा कुणीतरी ताईंचं नाव सांगितलं आणि धायरीहून दोन बस बदलून आम्ही तिथे गेलो. आधीच्या तपासण्यांची टिपणं मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून नेली होती. ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "एका बाजूला एकादशी, दुसऱ्या बाजूला रक्तदाब. दोन्ही सांभाळताय, छान." मग स्वतःही एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मधुराचं खाणंपिणं लिहून दिलं. माणूस आपल्यातलं आहे, हे मला तेवढ्यानंच कळलं.

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तकात पेशंटच्या घरच्या कुणीतरी लिहावं असं ठरलं, तेव्हा ताईंनीच माझं नाव सुचवलं म्हणे. त्यांच्या हातून सुखरूप सुटका झालेल्या बाया किती तरी आहेत. आमच्याकडे तर पाळणा हललाच नाही. तरी मीच का, याचा दोन दिवस विचार केला आणि मग लिहायला बसले.

साडेपाचव्या महिन्यात सोनोग्राफीत पिशवीचं तोंड आखूड झालेलं दिसलं. म्हणजे बाळ वेळेआधी यायची भीती. ताईंनी खणातून एक मऊ, सिलिकॉनची कडी काढून माझ्या हातात ठेवली. तिला पेसरी म्हणतात. ती आत बसवली की पिशवीच्या तोंडाला आधार मिळावा आणि बाळ आणखी काही आठवडे आत राहावं, अशी आशा. टाके नाहीत, भूल नाही.

"नक्की उपयोग होईल ना?" माझ्या मुलानं, समीरनं विचारलं.

"नक्की हा शब्द माझ्याकडे नाही," ताई म्हणाल्या. "काहींना होतो असं दिसलंय, काहींना नाही. जोडीला औषधही देतेय. कडी बसवायची की नाही, ते मधुरानं सांगायचं. तुम्ही नाही, आणि सासूबाईंनी तर नाहीच."

मधुरा म्हणाली, "बसवा."

मला वेगळीच काळजी लागलेली. आत कडी असताना तिनं देवाला शिवलं तर चालेल का, असं मी विचारलं. दुसरं कुणी हसलं असतं. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "अहो, कडी नवी आहे, स्वच्छ आहे आणि तिनं अजून कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. खुशाल शिवू द्या."

तेव्हापासून रोज पूजा झाली की मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात कुंकवाचं बोट टेकवायची. आणखी एक दिवस पदरात पडला. अशी अठ्ठावीस बोटं झाली.

सातवा लागला की सुनेच्या हातून ओटी भरीन, असं मी टेकडीवरच्या देवीला बोलले होते. ताईंनी झोपून राहायला कधी सांगितलं नव्हतं. पण पायऱ्यांचं मी त्यांना विचारलंही नाही. नाही म्हणाल्या असत्या तर नवस राहिला असता, म्हणून विचारलं नाही. दर टप्प्यावर बसवत, पाणी देत, मी मधुराला वर नेलं. तिसऱ्या दिवशी तिचं पाणी गेलं. कडी काढावी लागली.

मुलगी झाली. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत तिला ठेवलं. ते रुग्णालय दुसऱ्यांचं, तिथे ताईंचं काही काम नव्हतं. तरी दवाखाना आटोपून त्या रोज यायच्या, मधुरासाठी डब्यात मऊ भात आणायच्या आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहायच्या.

अकराव्या दिवशी सकाळी ताई पेटीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "नाव ठरलंय?"

"ठरलंय. पण ते उद्या, बाराव्या दिवशी ठेवतात."

"आज ठेवू या," त्या म्हणाल्या. एवढंच.

मला कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "नाव आत्यानं ठेवायचं असतं. समीरला बहीण नाही."

"मी आहे ना. सांगा."

मी त्यांच्या कानात नाव सांगितलं. ताईंनी हात धुतले, पेटीची छोटी खिडकी उघडली, वाकल्या आणि कुर्र करून आमच्या नातीला तिचं नाव सांगितलं. संध्याकाळी ती गेली.

चार-पाच महिन्यांनी ताई धायरीला घरी आल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला आलेय. या कडीबद्दल आता जास्त माहिती आलीय. आम्हाला वाटलं होतं तेवढा तिचा उपयोग होत नाही. मी आता ती सरसकट बसवत नाही. मधुराला बसवली तेव्हा माझा विश्वास होता. पण तुम्हाला हे माझ्याच तोंडून कळायला हवं."

एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई आपण होऊन हे सांगायला आल्या, तेव्हा मला गप्प राहवेना. म्हटलं, "ताई, मी तिला देवीच्या पायऱ्या चढवल्या होत्या. तुम्हाला सांगितलं नाही."

"पायऱ्यांनी असं होत नाही हो," ताई म्हणाल्या. "कशानं झालं ते मलाही ठाऊक नाही. पण पायऱ्यांनी नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मधुरा उभी होती. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात. वर दमले होते, तरी तुम्हाला थांबू या म्हटलं नाही." मग आम्ही दोघी रडलो, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच एकत्र. ताईंनी स्वतःच उठून चहा ठेवला, आणि साखर कुठे आहे ते मात्र दोनदा विचारलं.

जुनी कॅलेंडरं मी अजून पाठकोरी म्हणून वापरते, हा लेखही त्यावरच लिहिलाय. त्या वर्षीचं मात्र देवघरात गुंडाळून ठेवलं आहे.

दर वर्षी त्या तिथीला ताईंचा फोन येतो. जेवलात का, गुडघे काय म्हणतात, हे विचारून झालं की फोन ठेवण्याआधी त्या आमच्या नातीचं नाव एकदा घेतात. आमच्या घरात ते अजून कुणाच्या तोंडून निघत नाही. इथेही लिहीत नाही.

ताईंना पंच्याहत्तरावं लागलं. देवापुढे मी एवढंच मागते, की त्यांचे हातपाय, डोळे आणि आवाज चांगले राहोत, आवाज तर नक्कीच. ते नाव घेणारं या जगात एकच माणूस आहे. आमच्या पोरीच्या आत्याला उदंड आयुष्य लाभो.