राजीनाम्याची अट

आज ज्याला स्टार्टअप म्हणतात तसंच काहीतरी होतं ते. इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये आम्ही सातजण फ्रिजचे स्टॅबिलायझर बनवायचो. वडिलांची बदली चंडीगडला झाली म्हणून मी तिथे. डिप्लोमा ताजा, तपासणीचं काम माझ्याकडे. मालक मनाने वाईट नव्हता, पण माल बनवण्यापेक्षा त्याला घोषणांची हौस. आज स्टॅबिलायझर, उद्या टीव्ही, परवा म्हणे कॉम्प्युटर. अडचण सांगितली की एकच उत्तर, “हो जाएगा जी.”

ते पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते, कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नसे. एकदा चार दिवस शेड बंद राहिली. उघडल्यावर मालकाने बावीस नग न तपासताच पाठवायला सांगितले. “मराठा जी, चिट पे साइन ही तो करना है.” मी तपासणीच्या चिटांवर सह्या केल्या. बावीसही. नंतर हा किस्सा सांगताना हे मी नेहमी गाळत आलो.

आठवड्याभरात एक नग एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात जळाला. पडदा पेटला, माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं आणि मालकाचं कडाक्याचं भांडण झालं. दुपारी मी केबिनमध्ये गेलो आणि घरच्या मराठीच्या भरवशावर म्हणालो, “मैं राजीनामा देने आया हूँ.”

मालकाने मला मिठीच मारली. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, “लो जी, राजीनामा हो गया,” आणि जिलेबी मागवली.

आमचे फोरमन, जवळच्या खरड गावाहून सायकलने येणारे वयस्कर सरदारजी, जिलेबी खाता खाता हसले. “इंजीनियर साहब, इधर राजीनामा मतलब सुलह. नौकरी छोड़नी थी तो इस्तीफ़ा बोलते.”

समेट म्हटल्यावर, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी गप्पच बसणार होतो. तेच म्हणाले, “पर सुलह शर्त पे होती है. तेरी शर्त क्या है?”

मग अट त्यांनीच घातली: उरलेले एकवीस नग परत आणायचे. सुलह सगळ्यांसमोर जाहीर झालेली. मालकाला नाही म्हणता येईना.

माझ्या स्कूटरवर आम्ही घरोघरी फिरलो. तारा लोंबणारा खोका बघून प्रत्येक नाक्यावर पोलीस अडवायचे. मला नाव विचारून सोडायचे, फोरमनना हात वर करून उभं करायचे. “तेरे चक्कर में आज तीसरी बार भंगड़ा किया,” मागे बसताना ते म्हणायचे.

एकवीसही परत आले. तपासले तर त्यातले नऊ तसेच जळाले असते.

पुढच्या प्रत्येक नोकरीत हा किस्सा मी सांगितला, आणि दर वेळी अट माझी असायची. ती माझी नव्हती. माझ्या होत्या त्या सह्या. पण एकवीस दारांत “यह चिट मैंने झूठी साइन की थी” हे मीच बोललो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

नग दुरुस्त होऊन निघाले तेव्हा चिटेवर आधी फोरमननी गुरुमुखीत सही केली, मग मी. ती शेड बंद होईपर्यंत एकही नग त्या दोन सह्यांशिवाय बाहेर गेला नाही.